रेषेखालचे रंग : कागदावरचं चित्र कॉम्प्युटरवर रंगवताना

श्रावण लागला की माझ्या टेबलावर दिवाळी अंकांची कामं जमायला लागतात. रेषा मी अजूनही कागदावर, शाईनेच काढते. रंग मात्र कॉम्प्युटरवर भरते. शिकायला येणारी मुलं हमखास विचारतात, "ताई, ब्रश कुठला वापरता?" एक साधा गोल ब्रश आणि एक मऊ कडेचा, एवढ्यावर माझं बहुतेक काम भागतं. चित्र तरतं की बुडतं ते त्याआधीच ठरलेलं असतं, सपाट रंगांच्या एका थरावर. आमच्या कामात त्याला फ्लॅट्स म्हणतात. या लेखात सगळ्यात जास्त वेळ मी त्याच थरावर घालवणार आहे, कारण बाकीचं सगळं त्याच्या जिवावर उभं राहतं.

समजायला सोपं जावं म्हणून एकच चित्र धरून चालू. नवरात्राच्या आधी पुण्याच्या महात्मा फुले मंडईबाहेर बसलेली फुलवाली. पुढ्यात झेंडूची पाटी, शेजारी शेवंती, अंगावर इरकली नऊवारी आणि खणाची चोळी, वर छतासारखी बांधलेली निळी ताडपत्री, आणि मागे १८८६ साली उघडलेल्या मंडईच्या दगडी इमारतीचा अष्टकोनी मनोरा.

मी क्रिता नावाचं सॉफ्टवेअर वापरते. ते फुकट आहे आणि चित्रकारांसाठीच बनवलेलं आहे. गिंपही फुकट मिळतं; फोटोशॉपला दरमहा पैसे मोजावे लागतात. पायऱ्या तिन्हीकडे त्याच आहेत, बटणांच्या जागा तेवढ्या वेगळ्या.

स्कॅन आणि रेषेची सफाई

चित्र ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. ए-फोर कागद ६०० ला ४९६० × ७०१६ पिक्सेल होतो. एवढ्या आकाराचा पूर्ण भरलेला एक लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, साधारण १४० एमबी मेमरी खातो, म्हणजे दहा-बारा लेयर झाले की ८ जीबी रॅमचा लॅपटॉप धापा टाकायला लागतो. तसा लॅपटॉप असेल तर रेषा ६०० वर स्वच्छ करा आणि मग फाइल ४०० वर उतरवून रंगवा. आधी कमी डीपीआयला स्कॅन करून नंतर मोठं करायला जाऊ नका. रेषेची कड गेली की परत येत नाही.

स्कॅनर नसेल तर खिडकीशी, ऊन थेट पडणार नाही अशा जागी कागद भिंतीला चिकटवून फोनने फोटो काढा. फोन कागदाला समांतर हवा. टेबलावर कागद ठेवून वरून फोटो काढला की आपल्याच डोक्याची सावली पडते आणि एक कोपरा करडा येतो.

मी कच्चं रेखाटन फिक्या निळ्या पेन्सिलने करते आणि त्यावर काळी शाई फिरवते. पेन्सिल खोडायची गरज पडत नाही. रंगीत स्कॅन करून त्यातलं फक्त ब्लू चॅनल, म्हणजे निळ्या उजेडाचा हिस्सा, घ्यायचं. त्यात निळी पेन्सिल कागदाइतकीच पांढरी दिसते आणि जवळजवळ नाहीशी होते. गिंपमध्ये कलर्स मेनूतल्या कंपोनंट्समध्ये एक्स्ट्रॅक्ट कंपोनंट आहे, तिथे आरजीबी ब्लू निवडा. खोडरबराने शाई फिकी पडण्याचा धोका यात उरत नाही.

आता लेव्हल्स (उजळ-गडद कमीजास्त करायची खिडकी) उघडा. उजवीकडचा पांढरा बाण आत सरकवत न्या, कागदाचा पोत आणि मळकट करडेपणा निघून जाईपर्यंत. डावीकडचा काळा बाण शाई पूर्ण काळी होईपर्यंत आत आणा. दोन्ही बाण एकमेकांच्या फार जवळ आणलेत तर रेषेची कड करवतीसारखी दिसेल, म्हणून अधूनमधून शंभर टक्के झूमवर बघत राहा.

मग पांढरा रंग काढून टाकायचा. क्रिता आणि गिंप दोन्हींत कलर टू अल्फा नावाचं फिल्टर आहे. पांढरा रंग निवडला की कागद पारदर्शक होतो आणि हवेत नुसती रेष उरते. फोटोशॉपमध्ये रेषेच्या लेयरचा मोड (खालच्या लेयरशी मिसळायची रीत) मल्टिप्लाय केला तरी काम होतं. या लेयरला 'रेष' असं नाव द्या, सगळ्यात वर ठेवा आणि कुलूप लावा. इथून पुढे रंग त्याच्या खाली जाईल. रेषेच्या लेयरवर रंगाचा एक ठिपकासुद्धा पडता कामा नये.

फ्लॅट्स

काही वर्षांपूर्वी एका मासिकाचं मुखपृष्ठ मी रंग आणि सावल्या एकाच लेयरवर एकजीव करून पूर्ण केलं होतं. रात्री दहा वाजता संपादकांचा फोन आला: "ताई, चित्र छान झालंय, पण साडीचा हिरवा अंकाच्या नावाशी मारामारी करतोय. जांभळी होईल का? सकाळी फाइल प्रेसला द्यायचीय." मागणी साधी होती. पण साडी, तिच्यावरची सावली, पदरावर पडलेला फुलांचा रंग असं सगळं एकात एक मिसळलेलं होतं. निवडायला वेगळा असा आकारच नव्हता. पहाटे चारपर्यंत मी ती साडी नव्याने रंगवत बसले होते. फ्लॅट्सचा लेयर जपलेला असता तर ते दोन मिनिटांचं काम होतं.

फ्लॅट्स म्हणजे चित्रातल्या प्रत्येक वस्तूला एक सपाट रंग. सावली नाही, उजेड नाही, मऊ कडा नाहीत. मऊ कडा नकोत याला कारण आहे. निवडीच्या आणि भरण्याच्या टूलमधलं अँटी-अलायझिंग चालू असेल तर दोन रंगांच्या सीमेवर मधल्या छटांचे पिक्सेल तयार होतात. नंतर मॅजिक वाँडने, म्हणजे एका रंगाची जागा एका क्लिकला निवडणाऱ्या टूलने, साडी निवडायला गेलात की ते पिक्सेल मागे राहतात आणि नवीन रंगाभोवती जुन्या रंगाची झालर दिसते. म्हणून अँटी-अलायझिंग बंद. कड दातेरी दिसेल, दिसू द्या. ती काळ्या रेषेखाली झाकली जाते.

सुरुवात अशी करा. सगळ्यात खाली एक लेयर घेऊन तो भडक राणी रंगाने भरून टाका. चित्रात तो कुठेच राहणार नाही, पण रंगवताना सुटलेली प्रत्येक फट त्यातून डोळ्यात भरेल. पांढऱ्या पार्श्वभूमीवर या फटी दिसत नाहीत आणि छापून आल्यावर मात्र पांढऱ्या ठिपक्यांसारख्या उठतात.

त्याच्या वर फ्लॅट्सचा लेयर. मागून पुढे या: आधी आकाश, मग मनोरा, मग ताडपत्री, मग बाई, मग पाट्या. मागच्या वस्तूचा रंग पुढच्या वस्तूच्या रेषेखाली बिनधास्त घुसू द्या, पुढची वस्तू रंगवली की तो झाकला जातो. मनोऱ्यासारखे मोठे आकार मी लॅसोने फिरून निवडते आणि भरते. लॅसो रेषेच्या मधोमध फिरवायचा, आतल्या कडेने नाही.

लहान बंदिस्त जागांसाठी पेंट बकेट. इथे नवख्यांचा हमखास होणारा घोळ म्हणजे रेष आणि रंग यांच्यामधली बारीक पांढरी किनार. रेषेची कड काळ्याकडून पांढऱ्याकडे हळूहळू जाते, आणि बकेट त्या करड्या पिक्सेलपाशीच थबकतं. त्यावर उपाय दोन आकड्यांचा आहे. थ्रेशोल्ड (किती वेगळ्या छटेपर्यंत भरायचं ती मर्यादा) थोडा वाढवा आणि ग्रो सिलेक्शन २ किंवा ३ पिक्सेल ठेवा, म्हणजे रंग रेषेच्या पोटात सरकेल. फोटोशॉपच्या बकेटमध्ये ग्रो नाही. तिथे मॅजिक वाँडने निवडून सिलेक्ट मेनूतल्या मॉडिफायमधून एक्सपँड करा आणि मग भरा. बकेटला सगळे लेयर बघायची परवानगी द्यायला विसरू नका, नाहीतर त्याला वरची रेष दिसतच नाही आणि एका क्लिकमध्ये सगळं पान रंगतं.

शाईची रेष कुठेतरी तुटलेली असतेच. माझ्या रेषा तर मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या असतात. पदराची घडी पूर्ण बंद केली की ती पत्र्यासारखी दिसते. अशा ठिकाणी रंग बाहेर सांडतो. रेष बंद करायला 'रेष' लेयरला हात लावायचा नाही, फ्लॅट्सवरच त्याच रंगाने फटीत बांध घालायचा आणि मग आत भरायचं. गिंपच्या बकेटमध्ये २०१९ सालच्या २.१०.१० आवृत्तीपासून लाइन आर्ट ओळखून भरण्याची सोय आहे. किती मोठी फट बंद समजायची हे तिथे ठरवता येतं. क्रितात कलराइझ मास्क आहे: प्रत्येक जागेत हव्या त्या रंगाची एकेक रेघ ओढायची, अपडेट म्हणायचं, आणि सॉफ्टवेअर रेषांच्या आधाराने जागा भरतं. पार्श्वभूमीच्या रंगाला पारदर्शक अशी खूण करायची राहिली तर आकाशही भरून जातं. मला हे मास्क साध्या आकारांसाठी आवडतं. दाटीच्या चित्रात त्याच्या चुका दुरुस्त करण्यापेक्षा लॅसो लवकर आटपतो.

झेंडूचं काय करायचं? पाटीत दोनशे फुलं असतील. प्रत्येक फूल वेगळं रंगवायचा मोह आवरा. संपूर्ण ढीग एकच आकार समजून मध्यम केशरी भरा. मग पुढच्या दहा-बारा फुलांना थोडा पिवळट केशरी, तळाशी दबलेल्यांना लालसर. लांबून बघणाऱ्याला ढीग दिसतो, फुलं तो स्वतः मोजतो.

साडीचं मात्र उलट. अंग, काठ आणि पदर यांना तीन वेगळे फ्लॅट द्या, जरी रंग जवळजवळ सारखे असले तरी. इरकलीचा काठ हीच तिची ओळख आहे आणि संपादकांना बदल हवा असतो तो बहुधा तिथेच. खणाच्या चोळीवरची बारीक नक्षी फ्लॅट्सवर काढू नका. ती वरच्या वेगळ्या लेयरवर घ्या.

रंग निवडताना

फ्लॅट्स झाले की रंग सुंदर आहेत का हे बघण्याआधी उजळ-गडद नीट लागलंय का ते बघा. सगळ्यात वर एक लेयर घ्या, तो काळ्याने भरा आणि मोड कलर करा. चित्र करड्या छटांत दिसेल. माझ्या फुलवालीत पहिल्यांदा हे केलं तेव्हा हिरवी साडी आणि निळी ताडपत्री एकाच करड्या रंगाच्या झाल्या होत्या. बाई ताडपत्रीत विरघळून गेली होती. रंगांत दोन्ही कितीही वेगळे वाटले तरी डोळा आधी उजेड-अंधार वाचतो. मी ताडपत्री उजळ केली, साडी गडद केली, आणि बाई पुढे आली. हा लेयर फाइलमध्ये ठेवा, डोळ्याचं चिन्ह दाबून हवा तेव्हा चालू-बंद करा.

शि. द. फडणीस यांची मुखपृष्ठं या दृष्टीने पुन्हा बघा. स्वच्छ रेष, मोजके सपाट रंग, आणि तरीही नजर कुठे जायची तिथेच जाते.

त्वचेच्या रंगाबद्दल मला अगदी मनापासून सांगायचंय. सॉफ्टवेअरमधल्या तयार पॅलेटमध्ये स्किन म्हणून जो फिका गुलाबी दिलेला असतो, तो दिवसभर उन्हात बसणाऱ्या आपल्या मावशींचा रंग नव्हे. मी लाल १५०, हिरवा ९८, निळा ६६ अशा तपकिरीपासून सुरुवात करते आणि माणूस बघून तो पिवळ्याकडे किंवा लालीकडे नेते. नाक, गाल आणि कानाच्या पाळ्या थोड्या लालसर. सावळ्या त्वचेवर उजेडाचा ठिपका पांढरा टाकला तर चेहरा प्लास्टिकचा दिसतो. तो वरून येणाऱ्या प्रकाशाच्या रंगाचा टाका. ताडपत्रीखाली बसलेल्या बाईच्या कपाळावर तो निळसर असतो. हे खोटं वाटत असेल तर एकदा मंडईत जाऊन बघा.

सावली

फ्लॅट्सच्या वर नवा लेयर, मोड मल्टिप्लाय. हा लेयर फ्लॅट्सच्या आकाराबाहेर जाऊ नये म्हणून त्याला बांधून घ्या. फोटोशॉपमध्ये क्लिपिंग मास्क. क्रितात इनहेरिट अल्फा. क्रितात मात्र एक खाचखळगा आहे. इनहेरिट अल्फा त्याच ग्रुपमधल्या खालच्या सगळ्या लेयरना मिळून लागू होतो. ग्रुप केला नसेल तर खालचा पूर्ण भरलेला राणी रंगही हिशेबात धरला जातो आणि काहीच बांधलं जात नाही. म्हणून बाईचे फ्लॅट्स आणि तिची सावली एका ग्रुपमध्ये, मनोरा दुसऱ्या ग्रुपमध्ये.

मल्टिप्लाय म्हणजे शब्दशः गुणाकार. प्रत्येक चॅनलचा आकडा दुसऱ्याने गुणायचा आणि २५५ ने भागायचं. पांढरा म्हणजे २५५, म्हणून पांढऱ्याने काहीच बदलत नाही. हा हिशेब एकदा हाताने केलात की सावली मळकट का होते ते कळतं. झेंडूचा केशरी घ्या: २४०, १४०, २०. ताडपत्रीखालची सावली म्हणून त्यावर निळसर १५०, १६०, २१५ टाकला. उत्तर येतं १४१, ८८, १७, म्हणजे शेणकट तपकिरी. केशरीत निळं मुळात नावापुरतंच आहे, त्यामुळे निळी सावली त्याला निळं करत नाही, फक्त विझवते. तिथेच लालसर २२५, १३०, १२० टाकला तर २१२, ७१, ९ येतो, खोल तांबडा केशरी. झेंडूच्या पाकळ्यांच्या मध्ये डोकावलं तर खरोखर हाच रंग दिसतो.

म्हणून एकच सावलीचा रंग चित्रभर फिरवू नका. मी दोन मल्टिप्लाय लेयर ठेवते. साडी, त्वचा, जमीन यांच्यासाठी ताडपत्रीचा निळसर, आणि फुलांसाठी लालसर. करडा किंवा काळा तर मल्टिप्लायमध्ये मी कधीच वापरत नाही.

रंगवण्याआधी कागदावर बाण काढून उजेडाची दिशा ठरवा. एका वस्तूची दुसरीवर पडलेली सावली, जसं पाटीची मांडीवर, कडक कडेची ठेवा. वस्तूच्या स्वतःच्या गोलाईची सावली, जसं गालाची, मऊ. हा फरक पाळला तर दोनच पायऱ्यांच्या सावलीतही चित्र भरीव दिसतं.

मग परतणारा उजेड. पुढ्यातल्या एवढ्या झेंडूंवरून उसळलेला केशरी प्रकाश बाईच्या हनुवटीखाली आणि मनगटाच्या आतल्या बाजूला येतो. त्यासाठी वर एक लेयर, मोड स्क्रीन, मऊ ब्रश, अपारदर्शकता वीस टक्क्यांच्या आसपास. या एका हातासरशी फुलं आणि बाई एकाच जागेत बसल्यासारखी वाटायला लागतात. चमकेचे ठिपके मोजून टाका. माझ्या चित्रात तीन होते: नथीचा मोती, तराजूची पितळी कड, आणि ताडपत्रीवर साचलेलं पाणी.

रेषेला रंग

मागचा मनोरा काळ्या रेषेत ठेवला तर तो पुढे उडी मारतो. 'रेष' लेयरची एक प्रत काढा, मूळ लपवून ठेवा, प्रतीचं अल्फा लॉक (पारदर्शक भागाला कुलूप) चालू करा आणि त्यावर ब्रश फिरवा. रंग फक्त रेषेला लागेल. मनोऱ्याची रेष निळसर करडी, त्वचेच्या आतल्या रेषा गडद तपकिरी, बाहेरचा घेर काळाच. फार ठिकाणी रंगवू नका, रेषेचा जोर जातो.

छापायला देताना

पडद्यावर रंग उजेडाने बनतात, कागदावर चार शायांनी. झेंडूचा झगमगता केशरी आणि पोपटी हिरवा सीएमवायकेत, म्हणजे या चार शायांत, जसाच्या तसा येत नाही. प्रेसला त्यांचं कलर प्रोफाइल (त्यांच्या छपाईत रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) आधीच मागा. क्रितात ते लावून कंट्रोल + वाय दाबलं की छापील रंगाचा अंदाज दिसतो, आणि कंट्रोल + शिफ्ट + वाय दाबलं की कुठले रंग हाताबाहेर आहेत ते उठून दिसतात. हे शेवटी बघण्यापेक्षा फ्लॅट्सच्या वेळीच बघा.

काळी रेष फक्त काळ्या शाईत छापली जावी, असं प्रेसला स्पष्ट सांगा आणि रेषेचा लेयर वेगळा द्या. आरजीबीतला, म्हणजे पडद्यावरच्या रंगांतला, काळा आपोआप बदलला की तो चार शायांचा होतो, आणि छपाईत प्लेट केसभर सरकली तरी बारीक रेषेला लाल-निळी सावली येते.

पूर्ण पानाच्या चित्राला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जादा जागा, ठेवा. ए-फोरसाठी ३०० डीपीआयला ते २५५१ × ३५७९ पिक्सेल होतं. चेहरे आणि हात कापाच्या रेषेपासून आत ठेवा. फाइल टिफमध्ये द्या. जेपेग प्रत्येक वेळी सेव्ह करताना बारीक चौकटीत दाबला जातो आणि काळ्या रेषेभोवती धुरकट ठिपके येतात.

काम चालू असताना क्रितात कंट्रोल + ऑल्ट + एस दाबत राहा. दर वेळी पुढच्या क्रमांकाची नवी फाइल बनते. पावसाळ्यात आमच्या पेठेत वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि दिवाळी अंकांचं काम नेमकं त्याच महिन्यांत असतं.

प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, हातात आलं की ट्यूबलाइटखाली बघू नका. दाराशी किंवा गच्चीत, दिवसाच्या उजेडात, सावलीत उभं राहून बघा. फुलवालीच्या प्रूफवर ताडपत्रीचा निळा जड उतरला होता, साडीवर आल्यासारखा वाटत होता. फ्लॅट्सवर जाऊन मॅजिक वाँडने ताडपत्री निवडली, निळा थोडा फिका केला, वरची सावली, मनोरा, फुलं सगळं जिथल्या तिथे राहिलं, आणि अर्ध्या तासात फाइल परत प्रेसकडे गेली.